स्त्रीपार्टी, नाच्या आणि त्यानंतर

मराठी रंगभूमीवर पहिली जवळजवळ नव्वद वर्षे सीता, शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी या साऱ्या भूमिका मुख्यतः पुरुषांनीच केल्या. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगवले, तेव्हा सीताही पुरुषच होती. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि त्यानंतर पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचा रिवाज शहरी रंगभूमीवरून झपाट्याने उठला. अशा भूमिकेला नाटकवाले 'स्त्रीपार्ट' म्हणत आणि ती करणाऱ्या नटाला 'स्त्रीपार्टी'. तमाशाच्या फडात त्याचा जातभाई होता 'नाच्या'. देवीच्या दारात लुगडे नेसून परडी घेणारा होता 'जोगता'. तिघांच्याही अंगावर लुगडे होते, पण पहिल्याला मानपत्रे मिळाली, दुसऱ्याला शिट्ट्या आणि तिसऱ्याला भीतीपोटी जोगवा. स्त्री-पुरुष या दोन खणांत न मावणाऱ्या माणसांविषयी आज मराठी मुलखात जी नाटके, चित्रपट, छायाचित्रे आणि पुस्तके होत आहेत, त्यांतली बरीचशी या तिघांपैकी कोणाशी तरी नाते सांगतात.

संगीत नाटकाच्या कितीतरी आधीपासून पुरुषाने बाईचे सोंग आणणे मराठी माणसाच्या अंगवळणी पडले होते. एकनाथांच्या भारुडांत पुरुष गायक सुनेच्या, जोगतिणीच्या, संसाराला गांजलेल्या बाईच्या तोंडून बोलतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही विपरीत वाटत नाही. कोकणात शिमग्याला संकासुराबरोबर गोमू दारोदार नाचते. ती गावातलाच कोणी तरुण असतो. नमन-खेळ्यांतली राधाही तशीच. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या दशावतारात तर आजही बहुतेक मंडळ्या पुरुषांच्याच असतात. स्त्रीभूमिका करणारा नट आपली रंगभूषा आपणच करतो, नऊवारी आपणच नेसतो आणि लिखित संहिता हाताशी नसताना रात्रभर सवाल-जवाबात सवतीशी, सासूशी, राक्षसाशी भांडतो. जत्रेला आलेली बाईमाणसे त्याच्या नेसण्यातली चूक लगेच ओळखतात. या सोंगांना एक मर्यादा मात्र होती. सण संपला, पहाट झाली की सोंग उतरायचे. जे उतरत नव्हते, त्याचा प्रश्न वेगळा होता.

तो प्रश्न हिजड्यांचा होता. मराठेशाहीत दख्खनमधल्या काही हिजड्यांना सनदांनी जमिनी आणि रोख नेमणुका मिळाल्या होत्या. ठरलेल्या गावांत भिक्षा मागण्याचा हक्कही होता. वतनदारीच्या जगात हक्क असणे म्हणजे समाजात जागा असणे. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातल्या अधिकाऱ्यांना हे सारे अनैतिक वाटले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांनी या हक्कांना सरकारी मान्यता देणे थांबवले. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात 'युनक' म्हणून नोंदलेल्या व्यक्तीने सार्वजनिक जागी बाईचा वेश केला, दागिने घातले किंवा नाच-गाणे केले तर दोन वर्षांपर्यंत कैद ठेवण्यात आली. हा भाग प्रामुख्याने उत्तर भारतात राबवला गेला. त्याच साम्राज्यात, अवघ्या नऊ वर्षांनी, पुण्यात शालू नेसलेली शकुंतला पाहायला वकील, मामलेदार आणि सरकारी कारकून तिकीट काढून बसले. सरकारचा राग लुगड्यावर नव्हता. ते कोण नेसतो आणि खेळ संपल्यावर सोडतो की नाही, यावर होता.

ती शकुंतला अण्णासाहेब किर्लोस्करांची. 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला आणि नाटकाचा धंदाच बदलला. आता देखणा चेहरा पुरेसा नव्हता, गळा हवा होता. १८८२ च्या सुमारास बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले आणि त्यांच्या शकुंतला-सुभद्रांनी 'भावड्या' हे घरगुती नाव गावोगाव पोचवले. नाटक मंडळ्यांची यंत्रणा या काळात पक्की झाली. सात-आठ ते बारा-तेरा वर्षांची गोड गळ्याची पोरे हेरायची, मंडळीच्या बिऱ्हाडात ठेवायची, पदे पाठ करून घ्यायची, चालणे, बसणे, पदर सावरणे, मान वेळावणे शिकवायचे. मग एक दिवस आवाज फुटायचा. काहींचा गळा त्यातून सावरून नवा बसायचा. बाकीचे राजा, राक्षस, विदूषक किंवा थेट पडदे ओढणारे व्हायचे. स्त्रीपार्टीचे आयुष्य असे दोन टोकांनी आखलेले होते: एकीकडे फुटणारा आवाज, दुसरीकडे सुटणारे पोट. भाऊरावही अंगाने भरल्यावर पुरुषभूमिकांकडे वळले.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, या नियमाला अपवाद ठरले. २६ जून १८८८ चा जन्म. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत प्रवेश. १९१३ मध्ये गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह स्वतःची गंधर्व नाटक मंडळी. 'मानापमान'मधली भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली सिंधू. भास्करबुवा बखल्यांची तालीम, साथीला अहमदजान थिरकवा आणि कादरबक्ष. शालू-पैठण्या, खरे दागिने, प्रेक्षागृहात दरवळणारे अत्तर यांवरच्या खर्चाने मंडळी कर्जात बुडाली तरी हात आखडला नाही. त्यांचे नेसणे, अंबाड्यात फूल खोवण्याची ढब घराघरांतल्या सुवासिनींनी उचलली. त्यांची छायाचित्रे भिंतीवर लागली. अभ्यासक नीरा आडारकरांनी या काळाकडे वेगळ्या बाजूने पाहिले आहे: खऱ्या बाईला रंगमंचाबाहेर ठेवून पुरुषांनी एक आदर्श 'कुलीन स्त्री' घडवली आणि मग मध्यमवर्गातल्या बायकांनी तिच्यावरहुकूम व्हावे अशी अपेक्षा रुजली. हे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. सिंधूचे सोसणे किती सुंदर दिसते हे एका पुरुषाने दाखवले, आणि ते पाहून रडणाऱ्या बायकांनी घरी जाऊन तसेच सोसले.

त्या प्रतिमेच्या घडणीत एका चित्रकाराचा मोठा वाटा होता. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथून निघालेल्या तसबिरींनी सरस्वती, लक्ष्मी, दमयंती, शकुंतला यांना ठरावीक चेहरेमोहरे आणि ठरावीक नेसणी दिली. त्यांत मराठी नऊवारीला मानाची जागा होती. नाटक मंडळ्यांनी पोशाख आणि उभे राहण्याचे ढंग या चित्रांवरून घेतले, चित्रकारांनी पडदे रंगवताना तेच जग मागे उभे केले. तसबीर, रंगमंच आणि घर अशा तीन ठिकाणी एकच बाई दिसू लागली, आणि त्यातली रंगमंचावरची बाई पुरुष होती. शंभर वर्षांनी एका छायाचित्रकाराने हाच धागा उलट्या बाजूने ओढला. त्याविषयी पुढे येईलच.

बालगंधर्वांच्या काळातली एक गोष्ट मात्र आज वाचताना डोळ्यांत भरते. त्यांच्याविषयीच्या लिखाणात रंगमंचावरच्या स्त्रीपणाचे कौतुक जेवढे सढळ, तेवढाच त्यांच्या प्रपंचाचा उल्लेखही आग्रहाचा. ते पती होते, पिता होते. १९११ मध्ये 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी वारली तरी त्यांनी प्रयोग केला, ही कथा प्रत्येक चरित्रात असते. कलावंताची निष्ठा ती सांगतेच, पण लुगड्याखाली गृहस्थ आहे याची ग्वाहीही नकळत देते. प्रेक्षकांना मोहून जायचे होते आणि त्या मोहाचा अर्थ लावायचा नव्हता. हा अलिखित करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला. मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या जयशंकर 'सुंदरी' यांच्या बाबतीतही हेच घडत होते.

याच काळात चित्रपट आला. दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी (१९१३) तारामती मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके ती झाले. 'लंकादहन'मध्ये (१९१७) त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. भारतीय पडद्यावरची पहिली दुहेरी भूमिका अशी एकाच देहातली पतिपत्नी होती. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले आणि बाईने कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याला सुरुवात झाली. पुढे कमलाबाई गोखले म्हणून गाजलेल्या या नटीने रंगमंचावर पुरुषभूमिकाही केल्या. बेळगावकर स्त्री संगीत मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी अशा केवळ बायकांच्या कंपन्या होत्या आणि त्यांत धोतर-पगडी बायकाच बांधत. त्यांची मानपत्रे, छायाचित्रे, आठवणी फार थोड्या उरल्या आहेत. पुरुष बाई झाला की ती कला ठरली. बाई पुरुष झाली की ती धंद्यातली अडचण भागवणे ठरले.

१९३० नंतर स्त्रीपार्टी उताराला लागले. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये स्वतःची नाट्यशाखा उभी केली होती, 'आंधळ्यांची शाळा' करणाऱ्या 'नाट्यमन्वंतर' संस्थेने १९३३ मध्ये पायंडा पाडला आणि बोलपटाने उरलेले काम केले. जुन्या स्त्रीपार्टींना पडद्यावर जागा मिळाली ती संतांच्या रूपात. स्त्रीभूमिकांत मुरलेले विष्णुपंत पागनीस प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) तुकोबा झाले, त्याआधी बालगंधर्व 'धर्मात्मा'मध्ये (१९३५) एकनाथ. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ज्याच्या हालचालीत मार्दव आहे आणि मिशीचा ताठा नाही असा पुरुष पडद्यावर दाखवायचा, तर संत हीच एक सन्मानाची जागा शिल्लक होती.

तमाशातल्या नाच्याला तीही नव्हती. पेशवाईच्या उत्तरार्धात लावणी नाचणारी पोरेच होती. फडांत बाई उभी राहिली ती नंतर, आणि पवळाबाईचे नाव त्या संदर्भात पहिले घेतले जाते. बाई आल्यावर नाच्या गेला नाही, त्याचे काम बदलले. गण झाल्यावर गौळण सुरू होते, त्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची म्होरकी 'मावशी' असते आणि मावशी पुरुषच करतो. डोक्यावरून पदर, खाली मिशीची निळसर छटा, आवाज मुद्दाम अर्धवट बारीक. बालगंधर्व पुरुष लपवत. मावशी तो दाखवते आणि तिथेच हशा पिकतो. कृष्णाला अडवणारी, पेंद्याला शिव्या घालणारी मावशी राजकारणापासून सावकारापर्यंत कोणाचीही टोपी उडवू शकते, कारण ती धड बाई नाही, धड बुवा नाही. नाट्यकौशल्य म्हणून पाहिले तर हे काम रुक्मिणीपेक्षा सोपे नाही. पण तमाशा करणारे महार, मांग, कोल्हाटी समाजांतले होते आणि तिकीट काढणारे त्यांच्याकडे कला पाहायला आलो असे म्हणत नसत.

'लोकशाहीर राम जोशी' (१९४७) आणि 'सांगत्ये ऐका' (१९५९) यांच्या यशानंतर तमाशापटांची लाट आली आणि त्यात नाच्या साच्यात बसला: कमरेवर हात, लाडीक हेल, टाळीचा एक प्रकार. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी ही भूमिका इतकी केली आणि इतकी अचूक केली की लोकांनी नट आणि पात्र यांत फरक ठेवला नाही. ते संसारी गृहस्थ होते. टोमणे घरापर्यंत पोचले. स्त्रीपार्टीचा करार त्यांच्या वाट्याला आला नाही.

जोगत्याची गोष्ट रंगमंचाची नाही, श्रद्धेची आणि सक्तीची आहे. सौंदत्तीच्या यल्लमाला सोडलेला मुलगा लुगडे नेसतो, कपाळाला भंडारा लावतो, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे तिची मूर्ती ठेवलेली टोपली, घेतो, चौंडके-तुणतुण्याच्या तालावर जोगवा मागतो. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागांत ही परंपरा घट्ट आहे. त्यांत कुणी नवसापायी सोडलेले असतात, कुणी आजाराला देवीचा कोप समजून, तर कुणाला स्वतःच्या आतले बाईपण जगायला हा एकच रस्ता खुला दिसतो. देवीला सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदे झाले ते योग्यच. पण या तिसऱ्या प्रकारच्या माणसांचे पुढे काय, याचा विचार त्या कायद्यांत नव्हता. जग डोक्यावर तोलत नाचण्याची या मंडळींची कसबी कला मात्र लोककला म्हणून उशिरा का होईना मान्य झाली. कर्नाटकातल्या मंजम्मा जोगती तिथल्या जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आधुनिक मराठी कलेने या वारशाला पहिल्यांदा थेट हात घातला तो सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे'ने. १९७९ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ते नाटक केले. चंद्रकांत काळे बर्वे झाले होते. बर्वे हा संगीत नाटक मंडळीत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला, रुक्मिणीच्या मागे उभ्या राहणाऱ्या सख्यांपैकी एक. मंडळी बुडाली आणि तो श्यामराव नावाच्या टांगेवाल्याच्या आश्रयाला आला. उदबत्त्या विकायच्या, पैसे त्याच्या हातावर ठेवायचे, मार खायचा. गळ्यात मात्र नाट्यपदे शाबूत. शेजारी जावडेकर आणि बावडेकर हे दोन लग्नाळू कारकून. त्यांच्या कचेरीतल्या नलावडेबाई हे त्यांचे स्वप्न. बर्वे त्या स्वप्नात शिरतो आणि नलावडेबाई होतो. लग्न लागते, संसार मांडला जातो, डोहाळे लागतात. डोहाळजेवण ऐन रंगात असताना श्यामराव येऊन लुगडे ओढतो आणि सारे उघडे पडते.

आळेकरांनी बर्वेला विनोदी केले नाही आणि त्याला 'तू पुरुष की स्त्री' असे विचारलेही नाही. नाटकात त्या प्रश्नाला जागाच नाही. जागा आहे ती भुकेला. कारकुनांना बायको हवी, बर्वेला रंगमंच हवा आणि तिघांचीही भूक एकाच नाट्यपदावर भागते. डोहाळजेवणात बर्वेला होणारा आनंद हे सोंग आहे असे प्रेक्षकाला क्षणभरही म्हणता येत नाही, आणि तो खरा आहे असे म्हणायला पोटात मूल नाही. बालगंधर्वांच्या प्रेक्षकाने जो विचार टाळला, तो इथे टाळता येत नाही: दिवे मालवल्यावर स्त्रीपार्टी कुठे जातो? मराठी नाटकात लिंगभावाविषयी यापेक्षा खोल काही लिहिले गेले असेल असे वाटत नाही, आणि विशेष म्हणजे या नाटकात त्याविषयी एक वाक्यही व्याख्यानाच्या सुरात येत नाही.

अमोल पालेकरांच्या 'दायरा' (१९९६) या हिंदी चित्रपटात निर्मल पांडे स्त्रीवेशात वावरणारा नर्तक होता आणि सोनाली कुलकर्णीची नायिका अत्याचारानंतर पुरुषवेश घेते. दोघे मिळून प्रवास करतात आणि कपडे बदलले की जगाची वागणूक कशी बदलते ते दोन्ही बाजूंनी दिसते. फ्रान्समधल्या व्हॅलेन्सिएन महोत्सवात निर्मल पांडेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. याची जोडगोष्ट पुढे मराठीत घडली: 'बालगंधर्व' (२०११) चित्रपटातल्या गाण्यांसाठी आनंद भाटे यांना सर्वोत्कृष्ट पुरुष पार्श्वगायकाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, गाणी अर्थातच बहुतेक नायिकेची होती. पुरस्कारांचे रकाने दोनच असले की असे गमतीदार गोंधळ व्हायचेच.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस दोन मराठी चित्रपट लागोपाठ आले. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांचा आधार घेतलेला राजीव पाटील यांचा 'जोगवा' (२००९) आणि आनंद यादवांच्या कादंबरीवरचा रवी जाधव यांचा 'नटरंग' (२०१०). 'जोगवा'तला तायप्पा लघवीतून रक्त गेल्यामुळे देवीचा ठरवला जातो. उपेंद्र लिमयेंना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'नटरंग'मधला गुणा हा पैलवान गडी. त्याला तमाशात राजा व्हायचे असते. नाच्याशिवाय फड उभा राहणार नाही अशी अट येते आणि दुसरे कोणी मिळत नाही म्हणून तो मिशी काढतो. अतुल कुलकर्णींनी आधी पिळदार अंग कमावले आणि मग ते उतरवले. देहाचे हे बदलणेच चित्रपटाचा कणा आहे. दोन्ही चित्रपटांनी नाच्या आणि जोगत्याला प्रथमच हास्यविषयाबाहेर काढले, हे मोठेच काम. तरी दोन्हींची मांडणी सारखी आहे. नायक मुळात 'खरा' पुरुष, लुगडे त्याच्यावर लादलेले, आणि प्रेक्षकाची सहानुभूती त्याच्या हिरावलेल्या पुरुषपणाला. ज्याला ते लुगडे मनापासून हवे आहे असा जोगता किंवा नाच्या नायक झाला नाही. तो पार्श्वभूमीला राहिला.

चित्रकलेचा आणि छायाचित्रणाचा रस्ता वेगळा होता. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उघडले. त्यासाठी गोपाळ देऊस्करांनी बालगंधर्वांची दोन भव्य तैलचित्रे रंगवली, एक स्त्रीवेशातले आणि एक पुरुषवेशातले. एकाच माणसाची समान मोलाची दोन व्यक्तिचित्रे, दोन चौकटींत. मुंबईच्या खेतवाडीत १९३४ मध्ये जन्मलेले आणि पुढे बडोद्याला स्थायिक झालेले सनदी लेखापाल-चित्रकार भूपेन खख्खर यांनी १९८१ पासून आपल्या समलिंगी जगण्याला चित्रांत उघड जागा दिली. त्यांचा विषय प्रेमाचा, लिंगओळखीचा नव्हे; पण मध्यमवर्गीय, टक्कल पडू लागलेला, संकोची पुरुष हा चित्रविषय होऊ शकतो ही वाट त्यांनी पाडली आणि पुढच्यांना ती उपयोगी पडली. दयानिता सिंग यांच्या 'मायसेल्फ मोना अहमद' (२००१) या पुस्तकात दिल्लीच्या कबरस्तानात राहणाऱ्या मोनाची बारा-तेरा वर्षांत टिपलेली छायाचित्रे आहेत आणि मजकूर म्हणून प्रकाशकाला पाठवलेली मोनाचीच ई-पत्रे. चित्र काढून घेणाऱ्याला बोलण्याचा हक्क देणे ही त्या काळात नवी गोष्ट होती.

रविवर्म्याचा धागा उलटा ओढला तो तेजल शाह यांनी. मुंबईत काम करताना २००६ मध्ये त्यांनी 'हिजडा फँटसी' ही छायाचित्रमालिका केली. पद्धत साधी होती. हिजडा मैत्रिणींना विचारायचे: स्वतःला कोणत्या रूपात पाहायला आवडेल? मग नेपथ्य, वेश, प्रकाश सगळे त्या उत्तराप्रमाणे उभे करायचे. कुणाला दाक्षिणात्य चित्रपटाची नायिका व्हायचे होते, कुणाला नौकेतली क्लिओपात्रा. आणि एकीला यशोदा. रविवर्म्याच्या यशोदा-कृष्णाच्या चित्रावर बेतलेल्या या छायाचित्रात दागिन्यांनी मढलेली यशोदा बाळाला घेऊन आहे. रंग, वळण, मांडणी तसबिरीची. घराघरांत पुजल्या गेलेल्या त्या आईपणात हिजडा बसली आहे, आणि चित्र विडंबन करत नाही. बर्वेचे डोहाळजेवण श्यामरावाने उधळले होते; इथे कोणी आत येत नाही. फरक असा की बर्वेची इच्छा नाटककाराने ओळखली, यशोदेची इच्छा तिने स्वतः सांगितली. शाह यांचे पुढचे काम, विशेषतः २०१२ च्या कासेल येथील डॉक्युमेंटा प्रदर्शनातले 'बिटवीन द वेव्ह्ज', माणूस आणि प्राणी यांच्या सीमेकडे सरकले. ते धाडसी असले तरी या यशोदेइतके नेमके वाटत नाही.

एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. कला न्यायालयाची वाट पाहत थांबली नव्हती. मुंबईत २००९ पासून 'डान्सिंग क्वीन्स' हा तृतीयपंथी कलावंतांचा नृत्यसंच रंगमंचावर येत होता. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे आत्मकथन २०१२ मध्ये आधी मराठीतच आले. दिशा पिंकी शेख यांच्या 'कुरूप' या संग्रहातल्या कवितांनी शहरी पुस्तकी भाषेबाहेरचा आवाज आणला. त्यांत हिजड्यांच्या घराण्यातली शिस्त, बाजार आणि जात यांविषयी बाहेरच्याला न सुचणारा तपशील आहे. लावणीच्या क्षेत्रात पुरुष नर्तक पुन्हा दिसू लागले आहेत, 'बिन बायकांचा तमाशा'सारख्या प्रयोगांतून आणि दूरचित्रवाणीच्या स्पर्धांतून. त्यांतले काही स्वतःला पुरुष म्हणवतात, काही नाही. प्रेक्षक पहिल्या आवर्तनापर्यंत कुजबुजतात आणि अदाकारी जमली की पैसे उडवतात.

बेंगळुरूच्या पूर्णिमा सुकुमार यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या अरावनी आर्ट प्रोजेक्टने प्रदर्शनाच्या भिंती सोडून रस्त्याच्या भिंती घेतल्या. ज्या चौकात सिग्नलला उभे राहून टाळी वाजवायची, तिथेच तृतीयपंथी चित्रकर्त्या शिडीवर चढून तीन-चार मजली चेहरे रंगवतात. रंग उंचावर लावला की खालचा माणूस मान वर करून पाहतो, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. २०२४ च्या व्हेनिस बिएनालेत या गटाचे भित्तिचित्र होते.

वादाचा मुद्दा आता भूमिका कोणी करायची हा आहे. 'नटरंग' आणि 'बालगंधर्व' करणाऱ्या रवी जाधवांनीच २०२३ मध्ये तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या जीवनावर 'ताली' ही मालिका केली आणि मुख्य भूमिकेत सुश्मिता सेन होत्या. तृतीयपंथी पात्र तृतीयपंथी कलावंतालाच का मिळू नये, असा प्रश्न त्या निमित्ताने विचारला गेला. निर्मात्यांचे उत्तर नेहमी तेच असते: नाव असलेला चेहरा लागतो, तयार नट मिळत नाहीत. १९३० च्या आधी बायकांना रंगमंचावर न घेणाऱ्या नाटक मंडळ्याही असेच म्हणत असत. त्यांचे म्हणणे खोटे ठरायला हिराबाईंची स्वतःची नाट्यशाखा आणि 'आंधळ्यांची शाळा'तल्या ज्योत्स्ना भोळ्यांसारखी एक अभिनेत्री पुरली. नृत्यसंच, आत्मकथने, कविता आणि भित्तिचित्रे यांतून तयार होत असलेली मंडळी आता अभिनयाच्या चाचण्यांना जाऊ लागली आहेत, आणि काही ठिकाणी त्यांना नाटकाची मुख्य भूमिकाही मिळते आहे.